वर दुखत नाही

माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या साइटला माहीत आहे, आणि ते तसंच असायला हवं. मी क्रेनची सिग्नलवाली. माझ्या "येऊ द्या, येऊ द्या, हळू"वर लोखंडाचे गठ्ठे माणसांच्या डोक्यांवरून जातात. लाजत-मुरकत बोलून चालेल का? वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं निम्मं दिसत नाही, भिंतीपलीकडचं तर अजिबातच नाही. तिथं तो माझ्या डोळ्यांनी बघतो आणि माझ्या शब्दावर दांडा हलवतो. एवढा भरवसा नवरा-बायकोतसुद्धा नसतो, असं आमचे मुकादम म्हणतात आणि स्वतःच खो-खो हसतात. कारण वर बसलेला माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

मी त्यांना दाजी म्हणते. वॉकीटॉकीवरसुद्धा दाजीच. ते मला मेव्हणीबाई म्हणतात, आणि मी ओरडले की "आज ताईशी भांडून आलीस वाटतं" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात. मला ही नोकरी त्यांनीच लावून दिली. घरात त्यांच्याएवढा शांत माणूस नाही. ताई आणि मी, आम्ही दोघी म्हणजे उकळतं पातेलं.

क्रेनची केबिन कुणी आतून पाहिलेली नसते, म्हणून सांगते. उंच मनोरा, त्याच्या पोटातून शिडी, आणि टोकाला एक काचेची खोली. खोली कसली, कपाटच. उभं राहून हात पसरायची सोय नाही. जमीनसुद्धा काचेची, कारण क्रेनवाल्याला समोर नाही, खाली बघायचं असतं. तो दिवसभर खुर्चीत पुढं वाकून, छाती गुडघ्यांकडे नेऊन, दोन पायांच्या मधून आमच्याकडे बघत बसतो. बाकीचे क्रेनवाले संध्याकाळी उतरले की कमरेवर हात ठेवून मागं वाकतात आणि आई गं करतात. दाजी कधी करायचे नाहीत. मला वाटायचं, काय कणा आहे माणसाचा!

पहिल्यांदा झालं ते गेल्या वर्षी, सुट्टीच्या दिवशी. ताईचा फोन आला, मी धावत गेले. दाजी पलंगाशी गुडघे टेकून, कपाळ गादीत खुपसून बसले होते. बरगड्यांच्या खाली, मधोमध दुखत होतं, आणि तिथून आरपार पाठीत. उलट्या झाल्या तरी हायसं वाटत नव्हतं. झोपवायला गेलो की किंचाळायचे, परत वाकून बसायचे. ताई म्हणत होती गॅस झालाय, ओवा दे, शेक दे. मी म्हटलं, गॅसनं माणूस असा पांढराफटक पडत नाही, उचल.

दवाखान्यात रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. अचानक भडकलेली आहे."

स्वादुपिंड! शाळेत आकृतीत दाखवून पाच गुण मिळवले होते, त्यापलीकडे माझी त्याची ओळख नव्हती. डॉक्टरबाई माझं तोंड बघून हसल्या. त्यांनी खिशातून पेन काढलं नाही की काही नाही, स्वतःच्या पोटावर हात आडवा ठेवून दाखवला. जठराच्या मागं असं आडवं पडलेलं असतं. दोन कामं करतं. रक्तातली साखर सांभाळायची आणि अन्न पचवायचा रस बनवायचा. तो रस फार कडक. म्हणून तो झोपलेला बाहेर पडतो आणि आतड्यात गेल्यावर जागा होतो. काही कारणानं तो आतल्या आतच जागा झाला, तर अन्न नाही म्हणून ते पिंडच पचवायला लागतो.

"म्हणजे हे स्वतःलाच खातायत?" ताईनं विचारलं.

"तसंच समजा. म्हणून आता तोंडानं काही द्यायचं नाही. सलाइन आणि दुखणं थांबवायची औषधं. पिंडाला गप्प पडू द्यायचं. बहुतेक लोक यातून बरे होतात, पिंड पहिल्यासारखं होतं. थोड्यांचं फार बिघडतं, म्हणून घरी सोडत नाही." मग त्यांनी विचारलं, "दारू?"

झालं! ताई अशी काही उसळली की नर्स दारातून डोकावली. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच विचारते हो. पित्ताशयातले खडे आणि दारू, ही दोन कारणं जास्त दिसतात. खडे यांना नाहीत, म्हणून विचारलं." दाजी वेदनेतसुद्धा म्हणाले, "डॉक्टर, मी क्रेन चालवतो. रोज सकाळी फाटकावर नळीत फुंकतो, मगच शिडीला हात." सिगारेट मात्र ओढायचे, तेवढी त्या बाईंनी जागच्या जागी बंद करायला लावली. कारण काही सापडलं नाही. काही जणांत सापडत नाही म्हणाल्या. जाताना बजावलं, थोडं थोडं खा, तेल-तूप बेताचं, तपासायला या, आणि परत दुखलं तर अंगावर काढू नका. एकदा सूज येऊन गेली तर निभावतं, पण ती येत राहिली किंवा आत धुमसत राहिली तर पिंड कडक होत जातं, आणि ते मग मागं फिरत नाही.

हे आम्ही तिघांनी ऐकलं. तिघांनी मान डोलावली.

साइटवर काय सांगायचं, हा प्रश्न आला. दाजी म्हणाले, "काहीतरी शिळं खाल्लं होतं म्हणून सांगा. स्वादुपिंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बाटलीच येते." ते खोटं नव्हतं. आमच्या आधीच्या साइटवर एक क्रेनवाला होता, त्याचं यकृत बिघडलं. बिचाऱ्याला कावीळ झाली होती. पण कुजबुज अशी पसरली की त्याला वर जाऊच दिलं नाही. आता तो एका इमारतीच्या फाटकावर बसून गाड्यांना हात करतो. ताई म्हणाली, बरोबर आहे, शिळंच सांगू. मीही मुकादमांना तोंड वर करून तेच सांगितलं.

दाजी परत वर गेले आणि सगळं सुरळीत झालं. निदान आम्हाला तसं दिसलं.

दुपारी डबा दोरीच्या बादलीतून वर जायचा. ताई शाळेत चित्रकला शिकवते, पण पहाटे उठून डबा मात्र असा करायची की परीक्षेला बसलीय. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं पाळून, तेल थेंबाथेंबानं घालून. तासाभरानं डबा खाली यायचा, चाटूनपुसून स्वच्छ. मी संध्याकाळी तो ताईकडे पोचवायचे आणि ती झाकण उघडून आत बघायची, मग तिचा चेहरा उजळायचा. दुपारी केबिनभोवती कावळे घिरट्या घालायचे. मुकादम म्हणायचे, तुझ्या दाजींवर पाखरांचासुद्धा जीव आहे. मीही हसायचे. डोळे माझेच बघायला ठेवलेत ना त्या साइटवर? घ्या!

दाजी वाळत चालले होते. पट्ट्याला एक भोक पाडलं, मग आणखी एक. ताईचं म्हणणं, शिडी चढून चढून माणूस बारीक होणारच. तिच्या घरी संडासचा फ्लश नीट काम करेना, कितीही पाणी ओढलं तरी वर तेलकट तवंग राहायचा. तिनं प्लंबर बोलावून टाकी बदलून घेतली. तरी तेच. मग प्लंबरला फोनवर जे काही ऐकवलं, ते मी इथं लिहिणार नाही. रात्रीचं जेवण झालं की दाजी जमिनीवर उकिडवे बसून सगळ्यांच्या चपला-बूट पुसायला घ्यायचे. वाकून, गुडघे पोटाशी घेऊन, घासतायत आपले. शेजारच्यांचे बूटसुद्धा चकाकायला लागले. ताई मला म्हणाली, "बघ, दुखण्यानंतर माणूस किती घरात लक्ष घालायला लागलाय."

आणि ते वरून उतरेचनात. सगळ्यांच्या आधी चढायचे, सगळ्यांच्या नंतर यायचे. कुणी सुट्टी घेतली की त्याची पाळी हे मागून घ्यायचे. मी म्हणायचे, दाजी, वर संसार थाटलाय की काय? ते म्हणायचे, "वर बरं वाटतं गं."

पण गेल्या महिन्यात दुपारच्या वेळेला त्यांचा आवाज मला जड वाटायला लागला. मी "थोडं डावीकडे" म्हणायचे आणि हुक क्षणभर तिथंच राहायचा, मग हलायचा. तो क्षण दुसऱ्या कुणाला कळला नसता. मला कळत होता, आणि खाली माणसं होती. माझ्या डोक्यात एकच आलं. सकाळी नळीत फुंकतो माणूस, पण दुपारी कोण बघतंय?

म्हणून एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, मी शिडी चढले. रागानं चढले, म्हणून दम लागलेला कळला नाही. मनात भांडणाची पहिली चार वाक्यं तयार होती. बाटली दिसली की तिथूनच खाली फेकते, नाही, खाली माणसं आहेत, फेकता येणार नाही, एवढाही विचार करून झाला होता.

केबिनचं दार ढकललं. दाजी खिडकीतून हात बाहेर काढून भात भिरकावत होते आणि कावळे तो वरच्यावर झेलत होते. ताईनं पहाटे उठून केलेला भात.

बाटली नव्हती. खुर्चीखाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, दुखण्यावरच्या, मूठभर. तयार केलेली सगळी वाक्यं मी विसरले.

"दाजी, हे काय?"

ते दचकले नाहीत. डब्याला झाकण लावलं. "तू चढलीस होय? शिडी हलत होती, मला वाटलं वारा आहे."

"हसू नका! हे काय चाललंय?"

"खाल्लं की दुखतं," ते म्हणाले. "तेच, तिथंच. पहिल्यासारखं एकदम नाही. येतं, राहतं. दुपारी खाल्लं तर अर्धा दिवस काम जमत नाही. म्हणून खात नाही. रात्री तुझ्या ताईसमोर खावंच लागतं."

"डॉक्टरकडे जात होतात ना तपासायला?"

ते खाली, काचेतून, जेवणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. गेलेच नव्हते. एकदाही नाही.

मी ओरडले. त्या कपाटाएवढ्या जागेत ओरडले म्हणजे त्यांच्या कानातच ओरडले. मरायचंय का, ताईचं काय, असं सगळं. त्यांनी ओरडू दिलं. मग म्हणाले, "गेलो तर ते कागदावर लिहिणार. कागद कंपनीच्या डॉक्टरकडे येणार. मग मीही फाटकावर गाड्यांना हात करत बसू? ताठ खुर्चीत? अगं, खाली मला ताठ बसवत नाही. झोपवत तर नाहीच. उशी पोटाशी धरून बसून रात्र काढतो, तिला वाटतं मला गरम होतंय. सगळ्या जगात ही एक खुर्ची आहे जिथं मी वाकून बसलो तर कुणी काही विचारत नाही. वर दुखत नाही गं. म्हणजे दुखतं, पण निभावतं."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. आम्ही ज्याला कामाची बैठक समजत होतो, ती दुखण्याची बैठक होती. पुढं वाकलं की कळ जरा हलकी होते, आणि क्रेनवाल्याला तर दिवसभर पुढंच वाकायचं असतं. जगातला दुसरा कुठलाही धंदा असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं की हा माणूस सरळ होत नाही. आमच्यात, वाकून बसतो म्हणून सगळे त्याला हुशार म्हणत होते.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले. "सांगितलंस तर माझं सगळं गेलं. शपथ घे हवं तर." आणि माझा हात धरला. हात कसला, हाडं.

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मी उतरायला लागले. शिडीच्या पिंजऱ्यात, चारी बाजूंनी लोखंड, वर ते, खाली साइट. सांगितलं तर त्यांची खुर्ची जाणार, नाही सांगितलं तर तेच जाणार. आणि जेवणाची सुट्टी संपली की मला त्याच माणसाच्या हातात, गोळ्यांनी सुस्त झालेल्या हातात, लोखंड द्यायचं होतं, आणि खाली माणसं कामाला लावायची होती. मला त्यांचा असा राग आला, असा राग आला, की रडायलाच आलं.

सुट्टी संपली. पट्टे बांधले. गठ्ठा तयार झाला. पोरं चौथ्या मजल्यावर वाट बघत उभी राहिली. वॉकीतून दाजी म्हणाले, "बोला, मेव्हणीबाई."

मी तोंड उघडलं आणि "उचला" आलंच नाही. मी म्हटलं, "थांबा."

आमच्या कामात एक नियम आहे. उचल, फिरव, सोड, हे फक्त सिग्नलवाल्यानं सांगायचं. पण थांब कुणीही म्हणू शकतं, आणि थांब म्हटलं की थांबायचं, का ते नंतर. आणि ज्यानं थांबवलं, त्यानंच मोकळं करायचं. मी दोन्ही हात आडवे पसरले आणि तशीच उभी राहिले.

"काय झालं?" वरून.

"थांबा."

"पट्टा सरकलाय का?"

वॉकी सगळ्यांकडे असते, एकाच वेळी सगळी साइट ऐकते. ते मला विचारू शकत नव्हते, मी सांगू शकत नव्हते. मुकादम आले. पट्टे तपासले, ठीक होते. साइटचे साहेब आले. "बाई, कारण काय?" मी म्हटलं, "कारण नंतर." "किती वेळ?" "माहीत नाही." साहेब तापले. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. हात भरून आले, तरी मी ते खाली घेतले नाहीत, आणि वर, काचेत, दाजी वाकून माझ्याकडेच बघत होते, हे मला बघितल्याशिवाय कळत होतं.

बऱ्याच वेळानं वॉकीतून आवाज आला. हळू. "हात खाली घे. माझं ऐक."

"तुम्ही खाली या," मी म्हटलं. "मग घेते."

सगळ्या साइटनं ऐकलं. मी शब्द दिला होता आणि तो मोडला होता, तोही सगळ्यांदेखत. मग केबिनचं दार उघडलं.

ते उतरायला लागले तेव्हा मला कळलं की मी काय करायला लावलंय. शिडीवर माणसाला अंग सरळ करावं लागतं. एक पायरी, मग गजांना मिठी मारून, पोट दाबून थांबायचे. परत एक. मधल्या टप्प्यावर खाली बसले ते उठेचनात. मुकादमांनी दोघांना वर पाठवलं. खाली पोचले आणि जमिनीवर कुशीवर पडले, गुडघे छातीशी. साहेब वाकून म्हणाले, "हा प्यायलाय का?"

माझा फटकळपणा म्हणतात तो मग बाहेर पडला. "हुंगा!" मी म्हटलं. "या, तोंड हुंगा त्यांचं! नळी आणा! सगळ्यांसमोर फुंकायला लावा! आणि निघालं नाही काही, तर मग तुम्ही काय फुंकणार ते सांगा!" मुकादमांनी मला मागं ओढलं. दाजींनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, गाडीत घालेपर्यंत नाही.

दवाखान्यात त्याच डॉक्टरबाई होत्या. ताई शाळेतून तशीच आली, बोटांना रंग. मी तिला जिन्यातच सगळं सांगितलं, कावळ्यांसकट. ती काही बोलली नाही. ताई बोलली नाही म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांनाच कळेल.

डॉक्टरबाईंनी वजन केलं, पोट चाचपलं, बोटातून रक्त काढून साखर बघितली. ती वाढलेली होती. मग ताईला विचारलं, "संडासला तेलकट होतं का? पाणी ओतून जात नाही असं?"

"अहो, म्हणून तर मी प्लंबर बोलावला!" ताई म्हणाली, आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

डॉक्टरबाईंनी तिला बसवलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या वेळची ती आग होती, भडकली आणि विझली. हे तसं नाही. ही सूज आत कायमची राहिली असावी, दिसत नाही अशी. तिनं पिंडाला व्रण पडत जातात, ते आकसतं, त्याच्या नळीत खडे धरतात, रस अडतो, म्हणून खाल्लं की कळ. रसच पोचत नाही, म्हणून खाल्लेलं चरबीसकट तसंच बाहेर. अंगी लागत नाही. साखर सांभाळणंही त्याला जमेनासं होतं. "मागच्या वेळी रक्तात या पिंडाच्या रसाचं प्रमाण खूप वाढलं होतं. या वेळी जवळपास ठीक आलंय. लोकांना वाटतं, चला, बरं झालं. तसं नसतं. बनवणारंच थकलंय, तर वाढणार कुठून?"

"मग आता?" मी विचारलं.

"गेलं ते परत आणता येणार नाही. आहे ते राखू. जेवताना, जेवणाबरोबरच घ्यायच्या कॅप्सूल असतात, त्यांच्यात तोच रस असतो, त्यानं अन्न पचेल. साखरेचं औषध. नळीत खडे असतील तर दुर्बिणीतून काढता येतात का ते पाहू, दुखणं बरंच कमी होऊ शकतं. आणि गोळ्या मनानं नाही. पण आधी स्कॅन."

तेवढ्यात साइटवरून मुकादमांचा फोन. साहेबांनी क्रेनवर दुसरा माणूस बोलावलाय, मी उद्या येणार का? मी बाकड्यावर पडलेल्या दाजींच्या पाठीकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. "दाजी," मी म्हटलं. त्यांनी गुडघे आणखी पोटाशी ओढले.

स्कॅनच्या खोलीत त्यांना ढकलत नेलं. दार जाडजूड, पण पूर्ण लागलं नव्हतं. आतून तंत्रज्ञाचा आवाज येत होता. इंजेक्शन दिलंय, त्रास कमी होईल. पाठीवर झोपा. पाय सरळ. हात डोक्याच्या वर. आता हलायचं नाही, अजिबात हलायचं नाही. फळी आत जाईल.

ताई माझ्याशेजारी उभी होती, रंगाचं बोट दुसऱ्या बोटानं खरवडत.

मग तो आवाज आला. माणसाचा वाटेना मला आधी. लांब, एकसारखा, मधेच तुटलेला. नळीसारख्या त्या यंत्रात त्यांना वाकायला जागा नव्हती, कूस बदलायला नव्हती, गुडघे पोटाशी घ्यायला नव्हती. गप्प राहायचा कुठलाच मार्ग उरला नव्हता. इतके महिने जेवणाच्या ताटावर, पलंगावर, बुटांवर वाकून जे दाबून धरलं होतं ते सगळं त्या फळीवर बाहेर पडत होतं आणि पांढऱ्या भिंतींवर आपटत होतं. "थोडंच राहिलं," तंत्रज्ञ म्हणत होता. "थोडंच." ताईनं माझा दंड असा धरला की तिची नखं रुतली. मला थांबा म्हणायचं होतं. इथं माझ्या म्हणण्यानं काही थांबत नव्हतं.

दार उघडलं. ढकलगाडीवर ते लगेच कुशीवर वळले, गुडघे वर घेतले, चेहरा घामानं ओला. ताई त्यांच्या तोंडाशी वाकली.

"अहो, एवढं दुखतं?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. लपवायला आता काही नव्हतं.

"जेवल्यावर," ते म्हणाले. "रोज."

ताईनं डोळे पुसले नाहीत. त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि गाडी वॉर्डापर्यंत जाईस्तोवर त्यांच्याइतकीच वाकून चालत राहिली.